तीन तासांत चारशे मीटर, आणि तरी पैसे वसूल: रानवनस्पतींच्या वॉकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, औषधी वनस्पती ओळखून घरच्या घरी डॉक्टर व्हायचं असेल तर हा वॉक तुमच्यासाठी नाही, मीही साधारण तसंच काहीतरी मनात धरून गेले होते आणि पहिल्या अर्ध्या तासात चिडले होते.

याच्या आधी मी एका दुसऱ्याच ग्रुपबरोबर असा वॉक केला होता (नाव घेत नाही, जाऊ दे). दोन तासांत चाळीसेक झाडं, प्रत्येक झाडापाशी एक मिनिट, आणि प्रत्येक झाड कशावर तरी रामबाण. हे शुगरवर, ते मूतखड्यावर, हे केसांसाठी, ते सांध्यांसाठी. एक मूळ उपटून सगळ्यांना चघळायला दिलं, आम्हीही शहाण्यासारखं चघळलं! शेवटी गाडीच्या डिकीतून तेलाच्या बाटल्या निघाल्या. घरी आल्यावर वही उघडली तर चाळीस नावं आणि चाळीस रोग व्यवस्थित लिहिलेले, पण त्यातलं एक झाड परत समोर आलं असतं तर मला ओळखता आलं नसतं.

तर यावेळी आत्याला बरोबर घेतलं. आत्या बहात्तर वर्षांची, झाडांबद्दल तिला कुणी काही शिकवायला लागलं की तिच्या कपाळावर आठी येते. आम्ही चौदा जण होतो. गाईड तिशीतला मुलगा, गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग, हातात काठी. सुरुवातीलाच नियम सांगितला की वॉक संपेपर्यंत कुणीही काहीही तोंडात घालायचं नाही, मी दिलं तरी नाही. आत्या माझ्या कानात, "अगं मग शिकवणार काय हा?"

पहिला पाऊण तास आम्ही एकाच बांधाशी बसून होतो, अक्षरशः बसून. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, देठाशी काय आहे, खोड गोल आहे की चौकोनी. भिंग कसं धरायचं तेही मला माहीत नव्हतं, मी गुप्तहेरासारखं हात लांब करून झाडावर धरत होते, तर भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान हळूहळू भिंगाजवळ आणायचं. दहापट मोठं दिसतं. साध्या गवताच्या फुलातून लोंबणारे परागकोश बघून एक काका जे गप्प झाले ते नंतर बराच वेळ बोललेच नाहीत.

मग त्याने चौकोनी खोडाचा धडा दिला, म्हणजे खोड बोटांत फिरवायचं, कडा लागल्या, पानं समोरासमोर असली आणि चुरगळल्यावर वास आला तर तुळशीच्या कुळातलं असण्याची शक्यता बरीच. सगळ्यांनी लिहून घेतलं. आत्या मात्र उठली, चार पावलं पुढे गेली आणि घाणेरीची एक फांदी घेऊन आली (टणटणी म्हणतात काही लोक). खोड चौकोनी, पानं समोरासमोर, वास तर विचारूच नका. "हीपण तुळस का रे?"

मला वाटलं आता हा सारवासारव करणार, पण हा इतका खूश झाला! म्हणाला, मावशी, हेच मी दहा मिनिटांनी सांगणार होतो, तुम्ही आधीच पोचलात. घाणेरीचं कूळ वेगळं, फळांचा रसरशीत घोस येतो, तुळशीच्या कुळात मात्र फुलं वाळल्यावर आत चार बारीक कोरड्या बिया मिळतात. म्हणजे एका खुणेवर कधीच थांबायचं नाही, तीनचार खुणा जुळल्या तरी विरोधात जाणारी एक खूण शोधायची. आणि घाणेरीची हिरवी कच्ची फळं विषारी असतात, गुरांनी पाला खाल्ला तर त्यांच्या कातडीला ऊन सोसत नाही इतकं बाधतं. त्यानंतर आत्याच्या कपाळावरची आठी गेली, निम्मी तरी.

सगळ्यात कामाचं जे शिकले ते घोळ आणि दुधीचं. दुधी म्हणजे भोपळा नव्हे, जमिनीला चिकटून पसरते ती लहान रानदुधी. दोन्ही जमिनीवर चटईसारख्या पसरतात, दोन्हींची खोडं लालसर, आणि बऱ्याचदा शेजारीशेजारीच उगवतात, वरून बघताना माझी तरी सरळ फसगत झाली. घोळ खातात जगभर, तिची पानं मांसल, गुळगुळीत, त्यात ओमेगा ३ प्रकारची चरबी पालेभाज्यांच्या मानाने चांगल्यापैकी असते. दुधीचं खोड मोडलं की लगेच पांढरा चीक येतो आणि तो चीक कातडीला, डोळ्याला त्रास देतो. घोळ मोडली तर नुसतं पाणी. त्याने प्रत्येकाला दोन्ही शोधून आणायला लावलं, स्वतः न सांगता, आणि मोडून बघायला लावलं. चौदापैकी पाच जणांनी दोनदा दुधीच आणली, त्यातली एक मी.

आंबुशीलाही असाच वेळ दिला. तीन पानं, प्रत्येक बदामाच्या आकाराचं, पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की बिया फटकन उडतात, हा खेळ आम्ही मोठी माणसं पंधरा मिनिटं खेळत होतो. आंबटपणा ऑक्सॅलिक आम्लाचा, घोळीतही ते असतं, त्यामुळे मूतखड्याची तक्रार असेल त्यांनी लांब राहिलेलं बरं. मला मजा ही वाटली की आधीच्या वॉकमध्ये असल्याच आंबट पाल्यांपैकी एक मूतखड्यावर उपाय म्हणून लिहून घेतलेला होता.

नावांवरून पण बरंच झालं. एक मुलगा गाजरगवत घेऊन आला की हे गाजराच्या जातीचं ना, पानं तशीच आहेत. तर ते सूर्यफुलाच्या कुळातलं, गाजराशी काडीचा संबंध नाही, उलट अंगाला खाज आणि ज्यांना दमा आहे त्यांना त्रास. शंखपुष्पी या एका नावाखाली तर तीनचार वेगवेगळ्या वनस्पती चालतात. म्हणून तो दर वेळी लॅटिन नाव सांगायचा, ते आधी शिष्टपणाचं वाटलं होतं. ही दोन शब्दांची पद्धत लिनियसने १७५३ मध्ये सगळ्या वनस्पतींना लावली, आणि लॅटिन नाव हा झाडाचा आधारकार्ड नंबर समजा, असं तो म्हणाला. लोक हसले आणि लिहूनही घेतलं. आमच्यातल्या एकाकडे फोटोवरून झाड ओळखणारं अ‍ॅप होतं, पानाचा फोटो दिला की तीन नावं आणि फुलाचा दिला की बरोबर एक, तेवढ्यावर तो स्वतःच म्हणाला की हे विचारायला ठीक, खायला नको.

पारंपरिक उपयोग हा भाग शेवटच्या तासात आला, आणि इथे हा मुलगा खरंच वेगळा निघाला. एकदांडीपाशी थांबलो, कंबरमोडी पण म्हणतात तिला. आत्या म्हणाली हिचा पाला चुरून जखमेवर लावायचा, आमच्या आजीच्या आजीपासून. तो म्हणाला हो, लावतात बऱ्याच ठिकाणी, पण हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं आहे, इकडे नंतर आलं. आत्याला हे अजिबात आवडलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मग तिकडच्या आज्यांनी सांगितलं असेल." तो हसून म्हणाला असू शकतं मावशी, पण परंपरा म्हटलं की आपण लगेच हजार वर्षं धरतो, तेवढं फक्त धरू नका.

आणि मग त्याने डिजिटॅलिस नावाच्या झाडाची गोष्ट सांगितली, ती मला सगळ्या वॉकमध्ये सर्वात जास्त आवडली. इंग्लंडमध्ये अंगावर सूज आलेल्यांना एक घरगुती काढा द्यायचे, त्यात वीसेक वनस्पती होत्या, विदरिंग नावाच्या डॉक्टरने त्यातली काम करणारी एकच, म्हणजे हे डिजिटॅलिस, आहे हे ओळखलं, जवळजवळ दहा वर्षं पेशंट बघत डोस ठरवत बसला आणि १७८५ मध्ये ते छापलं. हृदयाचं औषध आणि विष यांच्यात त्या झाडात अगदी थोडंसंच अंतर आहे, म्हणून दहा वर्षं. दुसरी गोष्ट चीनच्या तू योयो यांची. मलेरियावरच्या वनस्पतीचा अर्क उकळून काढला की कधी गुण यायचा, कधी यायचा नाही, मग चौथ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथात त्यांना वाचायला मिळालं की पाला पाण्यात भिजवून पिळायचा, उकळायचं काही म्हटलेलंच नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि औषध हाती आलं, २०१५ मध्ये नोबेल मिळालं त्याचं. म्हणजे आजी "भिजव" म्हणाली असेल आणि आपण "उकळ" ऐकलं तर संपलं.

धोत्र्यापाशी त्याने सगळ्यांना दोन पावलं मागे उभं केलं, जरा नाटकीच वाटलं मला. पण त्यातल्या अ‍ॅट्रोपिनने बाहुल्या मोठ्या होतात, डोळ्यांचे डॉक्टर तपासायच्या आधी तेच घालायचे, आणि एका झाडात किती विष आहे आणि शेजारच्यात किती हे बघून कळत नाही. १६७६ मध्ये अमेरिकेत जेम्सटाउनला सैनिकांनी पाला शिजवून खाल्ला तर अकरा दिवस वेड्यासारखे वागत होते म्हणे. एका बाईंनी विचारलं की मग दम्याला धोत्र्याचा धूर देतात ते? तो म्हणाला, देत होते हे खरं, आतल्या द्रव्यांनी श्वासनलिका सैल होतात हेही खरं, डोस कुणाच्याच हातात नव्हता हे तिसरं खरं, त्यामुळे मी ते सांगेन पण शिकवणार नाही.

आता तक्रारी. आवाज फार लहान आहे त्याचा, वारा सुटला की मागच्या चारपाच जणांना काही ऐकू येत नव्हतं, चौदा जण जरा जास्तच होतात, दहा ठेवा. बसायला पथारी आणा असं बुकिंगच्या मेसेजमध्ये नव्हतं आणि गुडघे दुखणाऱ्यांचे हाल झाले, आत्या माझ्या पाठीवर टेकून उठत होती. नंतर झाडांच्या नावांची एखादी यादी तरी द्यायला हवी, चिखलाच्या हातांनी लिहिलेलं माझं मलाच लागत नाहीये. आणि लहान मुलांना आणू नका, दोन मुलं होती आणि पहिल्या पाऊण तासात त्यांनी आईबापांचा जीव घेतला, ती चूक गाईडची नाही पण आधी सांगायला हवं.

तोडण्याबद्दल तो कडक आहे. मुळं अजिबात नाही, कारण मूळ काढलं की झाडच गेलं. रस्त्याच्या कडेचं, नाल्यालगतचं, तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचं काही घ्यायचं नाही. नमुना हवा तर एकच फांदी, वर्तमानपत्रात दाबून, तारीख आणि जागा लिहून, कागद रोज बदलायचे नाहीतर बुरशी. माझी घोळ बुरशीनेच गेली, पानात पाणी फार.

खाण्याचा कार्यक्रम शेवटपर्यंत झालाच नाही, ते काहींना खटकलं, त्यांनी विचारलंही. तो म्हणाला तिसऱ्या वॉकला, आधी तीन वेगवेगळ्या दिवशी तेच झाड तुम्ही स्वतः ओळखून दाखवा. माणसं वळवायची युक्ती असेल असं मला तेव्हा वाटलं, अजूनही थोडं वाटतं. पण पुढच्या वॉकचं बुकिंग केलंय, पाचपैकी चार स्टार, एक आवाजासाठी कापला.

परत येताना गाडीची वाट बघत उभे होतो तर फरशीच्या फटीत काहीतरी पसरलेलं होतं, लाल खोड, बारीक पानं. मी म्हटलं आत्या, घोळ. तिने वाकून एक काडी मोडली, बोटावर पांढरा थेंब आला, तो तिने माझ्या नाकासमोर धरला आणि मग माझ्याच ओढणीला पुसला.