ठिबक, शेततळं की वाण: कोरडवाहू रानात पहिला खर्च कशावर?

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी पडलं. वर्षाला जेमतेम 400 मिमी पावसाच्या मुलखातही या हिशेबाने हेक्टरी 40 लाख लिटर पाणी शेतात उतरतं. तरी पीक ऐन फुलोऱ्यात पाण्यावाचून माना टाकतं, कारण त्यातलं बरंचसं पाणी पिकाच्या तोंडी लागतच नाही. काही उतारावरून वाहून जातं, काही उघड्या जमिनीतून उडून जातं, आणि हलकी जमीन असेल तर काही मुळांच्याही खाली निघून जातं. त्यात हवा तापली की दर एक अंशाला ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले खंड जीव खातात.

कोणतं तंत्र आधी घ्यायचं हे म्हणूनच दुकानात ठरत नाही. पहिल्या जोराच्या सरीला बांधावर जाऊन उभं राहायचं. पाणी गढूळ होऊन बाहेर चाललंय, की जागीच मुरतंय? पाऊस उघडल्यावर आठ दिवसांनी वीतभर उकरून माती मुठीत दाबायची. गोळा होतो की भुगा? या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी वाहून जात असेल तर: मातीकाम की शेततळं?

मातीकाम म्हणजे खड्डे, सऱ्या, आडव्या रेघा. दिसायला गरीब, म्हणून त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणायला तयार नसतं. पण आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाच्या यातेंगा भागात 1980च्या सुमारास याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने जुन्याच ‘झाई’ खड्ड्यांची पद्धत सुधारून दगडासारखं झालेलं रान पिकाखाली आणलं. कोरड्या दिवसांत साधारण 20 ते 30 सेंमी रुंद आणि 10 ते 20 सेंमी खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, पाऊस आला की त्यातच ज्वारी-बाजरी पेरायची. खतामुळे वाळवी येते, ती जमीन पोखरते, आणि त्या भोकांतून पाणी खाली उतरतं. याच कामासाठी सावाडोगोंना 2018 साली राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खोट एकच, पण मोठी: हेक्टरी 10 हजारांच्या वर खड्डे हाताने खणायचे असतात. घरात राबणारे हात कमी असतील तर पहिल्या वर्षी सगळ्या रानाच्या नादी लागू नये, चार गुंठ्यांवर करून बघावं. शिवाय हे खड्डे कवच धरलेल्या कडक जमिनीचे. वाळूत ते ढासळतात, आणि भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात. काळ्या जमिनीला रुंद वरंबा-सरी बरी. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने रूढ केलेल्या मापात मीटरभर रुंदीचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी असते. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर तीच सरी पाणी बाहेर काढते.

मध्यम उताराच्या रानात निदान उताराला आडवी पेरणी तरी हवी, आणि समपातळीची रेघ मारायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारख्या काठ्या वर बांधून खाली फाकवायच्या, मध्ये आडवी काठी बांधायची, शेंड्यावरून दोरीला दगड लटकवायचा. पाय जागेवर ठेवून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. पोरंटोरंसुद्धा तासाभरात शिकतात.

आता शेततळं. वर 20 बाय 20 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळाशी 14 बाय 14. यात भरून साधारण 876 घनमीटर पाणी राहतं. ऐकायला खूप वाटतं. पण रोज 5 मिमी उडालं तरी 100 दिवसांत अर्धा मीटर पातळी उतरते, म्हणजे जवळजवळ 190 घनमीटर गेलं. हा तोटा फक्त बाष्पीभवनाचा. तळाला प्लॅस्टिकचं कापड नसेल तर मुरमाड जमिनीत उरलेलंही बघता बघता जिरतं. कापड घातलेल्या तळ्यात साधारण 680 घनमीटर हाती लागतं. ते 50 मिमीच्या एका पाळीने हेक्टरभराला एकदा पुरतं, दुसऱ्यांदा नाही. अर्ध्या हेक्टरला दोन संरक्षित पाण्याच्या, म्हणजे पीक तगवण्यापुरत्या, पाळ्या आरामात निघतात. ज्याचं पीक एका खंडापायी हातचं जातं, त्याला एवढ्यावरही तगता येतं. मात्र जो तळ्याच्या भरवशावर ऊस लावायचं मनात धरून बसलाय त्याने हा हिशेब दोनदा वाचावा.

तळं उथळ-पसरट करण्यापेक्षा खोल करावं, उघडा पृष्ठभाग जितका कमी तितकं उडणं कमी. आणि कापडाचं तळं निसरडं असतं, आत पडलेल्याला पाय रोवता येत नाही. कुंपण घालावंच, शिवाय काठावरून आत सोडलेला गाठी मारलेला दोर कायम असू द्यावा.

दोन्हींत निवडायचं तर मी आधी मातीकाम सांगेन. तळं भरायला वाहून येणारं पाणी लागतं हे खरं, पण मोठ्या सरीला मातीकाम केलेल्या रानातूनही जादाचं पाणी निघतंच, आणि ते कमी गाळ घेऊन येतं.

पाणी हाताशी असेल तर: ठिबक की ओलीचं माप?

विहीर, बोअर किंवा तळं आधीच असेल तरच ठिबकचा विचार करावा. ठिबक उद्योगाची सुरुवात 1965 साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या हत्झेरिम किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, सिम्खा ब्लास या पाण्याच्या इंजिनिअरच्या कल्पनेवर झाली. स्वच्छ आणि दाबाचं पाणी हे त्यात गृहीतच आहे. पाटाने दिलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पिकाच्या कामी येतं, ठिबकने 90 टक्क्यांपर्यंत जाता येतं. हा आकडा नव्या, नीट बसवलेल्या संचाचा. फिल्टर धुतला नाही, क्षाराचं पाणी ॲसिड न सोडता वर्षभर चालवलं, उंदरांनी लॅटरल, म्हणजे ओळीतल्या नळ्या, कुरतडले, की तीच ओळ कुठे भिजते, कुठे कोरडी राहते. तपासणी सोपी आहे: ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली 15 मिनिटं भांडं ठेवायचं, लिटरभर पाणी यायला हवं. ओळीच्या तोंडाशी, मध्ये आणि शेवटी असं तिन्ही ठिकाणी मापावं.

दुसरी गोष्ट विकणारा सांगत नाही. वाचलेलं पाणी बहुतेक वेळा शेजारच्या पट्टीला जातं किंवा जास्त पाण्याच्या पिकाला. उत्पन्न वाढतं, पण विहीर पहिल्याइतकीच आटते. सोलर पंपाचंही तसंच. डिझेलचा खर्च गेला की पंप बंद करायचं कारणही जातं. पाणी वर असेल आणि साठवायला टाकी असेल तर सोलर उत्तम. खोल जाणाऱ्या बोअरवर तो घाईने घेऊ नये.

ओल मोजायच्या साधनाकडे मात्र लोक उगाच श्रीमंतांचं खेळणं म्हणून बघतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रिचर्ड स्टर्झाकर यांनी लहान शेतकऱ्यासाठी ‘कॅमेलिऑन’ नावाचं साधन बनवलं. वेगवेगळ्या खोलीवर पुरलेले सेन्सर फक्त रंग दाखवतात: निळा म्हणजे ओलं, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे सुकं. मोझांबिक, टांझानिया आणि झिंबाब्वेच्या शेतकऱ्यांना त्यातून कळलं की आपण गरजेपेक्षा जास्त पाणी देतोय आणि नत्र खाली धुऊन जातंय. त्यांनी पाळ्या कमी केल्या आणि पीक उलट सुधारलं. पाटाने पाणी देणाऱ्याने ठिबक घेण्याआधी असं एखादं साधन शेजाऱ्यांत मिळून घेतलं, तर कमी पैशात बरंच कळतं.

वाण

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त गैरसमजाचं. लवकर येणारं वाण दुष्काळ चुकवतं, सहनशील वाण तो सोसतं. पाऊस शेवटी दगा देत असेल तर पहिलं घ्यावं, मध्ये खंड पडत असेल तर दुसरं. मक्यात हे नीट दिसतं. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, परागाची वेळ चुकते आणि कणीस बोडकं राहतं. ही तफावत कमी ठेवणारी झाडं निवडत पैदासकारांनी ताण सोसणारे मके तयार केले. आफ्रिकेच्या 13 देशांत सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने अशी वाणं शेतकऱ्यांपर्यंत गेली. चांगल्या पावसाच्या वर्षी हे वाण मागे पडतं का, हे मात्र आधी विचारावं. संकर असेल तर बी दरवर्षी विकत घ्यायचं. सुधारित वाण असेल तर घरचं राखता येतं.

कोणतंही वाण उघड्या, तापलेल्या जमिनीवर चमत्कार करत नाही. काडीकचऱ्याचं आच्छादन त्यासोबत हवंच. अर्थात गोठ्यात जनावरं असतील तर काडी आधी त्यांच्या तोंडी जाते, आणि त्यात शेतकऱ्याची काही चूक नाही. अशा वेळी निदान धसकटं उपटू नयेत, जाळू नयेत.

रान वाट्याने किंवा भाड्याने करणाऱ्याचं गणित याहून वेगळं. पुढच्या वर्षी हेच रान हाती राहील याची खात्री नसताना तळं खणणं म्हणजे मालकाची जमीन सुधारून देणं. त्याने वाण, आडवी पेरणी आणि गुंडाळून नेता येईल असा छोटा ड्रमवरचा ठिबक संच, एवढ्यावर थांबावं. तळं हवंच असेल तर निदान पाच वर्षांचा करार आधी कागदावर घ्यावा आणि मगच कुदळ मारावी.