मणक्यांमधली फुगलेली गादी आणि मॅन्युअल थेरपी: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या श्रावणात वीस लिटरचा पाण्याचा जार उचलताना कंबरेत कळ आली आणि उसण भरली असेल असे समजून मी चार दिवस शेक व मलम यांवर काढले. पाचव्या दिवशी दुखणे डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरले आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी फुगून डाव्या नसेला टेकल्याचे दिसले. पायातली ताकद आणि लघवीवरचा ताबा शाबूत असल्याने अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची घाई न करता फिजिओथेरपीचा सल्ला दिला.

त्याआधी एक चूक मी केलीच. ओळखीतून एका ‘मणका बसवून देणाऱ्या’कडे गेलो, त्याने कुशीवर वळवून कंबरेला पीळ दिला, कट्कन आवाज झाला, दोन तास हलके वाटले आणि रात्री मुंग्या थेट तळपायापर्यंत पोहोचल्या. तो आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, त्याने गादी ‘जागेवर बसत’ नाही, हे मला नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले.

त्यांची पद्धत अगदीच निराळी होती. मला पालथे झोपवून त्या करंगळीकडच्या तळहाताची कड एकेका मणक्यावर टेकवत आणि झोका द्यावा तशा लयीत दाबत. मॅन्युअल थेरपीतल्या, म्हणजे हातांनी सांधे हलवून करायच्या उपचारातल्या, या पद्धतीला मेटलँड पद्धत म्हणतात व तिच्यात दाबाच्या चार पायऱ्या असतात. पहिले दोन आठवडे त्या पहिल्या दोन हलक्या पायऱ्यांपुढे गेल्याच नाहीत, तेव्हा सहाशे रुपये नुसत्या चोळण्याचे देतो आहोत की काय, अशी शंकाही मनात आली. मात्र उताणे झोपून सरळ पाय उचलताना पहिल्या दिवशी पस्तीस अंशांवर कळ येत असे, ती चौथ्या आठवड्यात सत्तरच्या आसपास येऊ लागली.

मॅन्युअल थेरपीने मिळालेला आराम माझ्या बाबतीत जेमतेम एक दिवस टिकत असे, आणि त्या दिवसभरात मॅकेन्झी व्यायाम, म्हणजे पालथे झोपून कंबर सैल सोडत हातांवर छाती उचलणे, दर तीन तासांनी दहा वेळा केले तरच पुढच्या खेपेला बाई पुढच्या पायरीवर जाऊ शकत. याच काळात पोटरीतले दुखणे कमी होऊन कंबरेतले वाढले, तेव्हा मी घाबरलो होतो, पण दुखणे पायातून वर सरकणे हे सुधारणेचे लक्षण असल्याचे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. तिसऱ्या महिन्यात घरच्या लग्नामुळे तीन आठवडे व्यायाम बुडाला, तेव्हा पोटरी पुन्हा बोलू लागली.

एकूण चौदा बैठका झाल्या, ८,४०० रुपये लागले, विम्यातून काहीच मिळाले नाही. पायातले दुखणे आज नाही, सकाळी कंबर आखडते आणि सलग चाळीस मिनिटांहून अधिक बसवत नाही. एमआरआय पुन्हा काढलेला नाही, कारण काहीही न दुखणाऱ्या माणसांतही फुगलेली गादी सर्रास आढळते, वीस वर्षांच्या सुमारे ३० टक्के लोकांतसुद्धा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ज्यांचे पाऊल लुळे पडते, जांघेत बधिरपणा येतो किंवा लघवी अडते, त्यांनी मात्र थेरपिस्टकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जार अजूनही पाणीवाल्याकडूनच वर चढवून घेतो.