फुल फ्रेम म्हणून गळ्यात मारलेली लेन्स, आणि आतला फंगस

दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यात मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी जुनी लेन्स शोधत असाल तर हे आधी वाचा. मला ज्याने फसवलं त्याला कॅमेरा आतून कसा चालतो ते पक्कं ठाऊक होतं. त्याने लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर लावून दाखवली, आणि तरीही फसवलं.

माझ्याकडे सोनीचा ए सेव्हन थ्री आहे, म्हणजे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २४ मेगापिक्सेल. लग्नसराईच्या तोंडावर मला एफ २.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी झूम हवी होती. आमच्याकडे लग्नं अंगणात मंडप घालून होतात, जागा अरुंद असते आणि मागे सरकायला वाव नसतो. जाहिरातीत टॅमरॉनची १७-७० मिमी लेन्स दिसली. फोनवर तो म्हणाला, "दादा, डी आय थ्री आहे, म्हणजे फुल फ्रेमच. १७ ला अख्खा मंडप बसेल." किंमत ठरली ३८ हजार.

डी आय थ्री म्हणजे टॅमरॉनची मिररलेससाठी बनवलेली लेन्स, आणि ती सहसा फुल फ्रेमच असते, हे बरोबरच आहे. पण त्या लेन्सवर पुढे एक ए आहे. डी आय थ्री-ए म्हणजे एपीएस-सी, लहान सेन्सरसाठीची. एका अक्षराचा फरक, आणि तेवढंच अक्षर त्याने बोलण्यातून आणि जाहिरातीतून गाळलं होतं. लेन्सवर ती अक्षरं असतात त्या जागी झूमच्या रिंगला धरून रबरी पट्टा चढवला होता, "पकड चांगली येते" म्हणून.

भेट ठरली खेड स्टेशनबाहेर, संध्याकाळी, पत्र्याच्या शेडखाली. परतीची गाडी आहे म्हणून त्याची घाई चाललेली. लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, स्क्रीनवर चित्र स्वच्छ, कोपरे उजळ, फोकस झटपट. इथेच खरी गोम आहे. सोनीच्या फुल फ्रेम बॉडीवर एपीएस-सी लेन्स लागली की कॅमेरा तिला ओळखतो आणि सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. व्ह्यूफाइंडर पूर्ण भरलेला दिसतो. आरशाच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या काचेतून कोपरे काळे दिसले असते, इथे ते तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. लेन्सची वक्रता आणि कडांचा अंधारही बॉडी आपोआप दुरुस्त करून दाखवते. फोटो काढणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण लबाड माणसाला ती आयती मिळते.

खरं काय ते घरी फाइल्स उघडल्यावर कळलं. ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या जागी ३९३६ गुणिले २६२४. चोवीसचे दहा मेगापिक्सेल. १२ बाय ३६ इंची करिझ्मा (लग्नाच्या) अल्बममध्ये एकच फोटो दोन पानांवर पसरला तर इंचाला जेमतेम १०९ पिक्सेल उरतात. १७ मिमीचा कोनही मिळत नाही, दीड पटीने तो २५.५ मिमीसारखा दिसतो. मेनूत जाऊन ऑटो क्रॉप (मधलाच भाग आपोआप वापरणं) बंद केला तर चारही कोपरे काळे.

यात टॅमरॉनचा काही दोष नाही. लहान सेन्सरच्या बॉडीवर ती उत्तम लेन्स आहे. माझ्या कामाची मात्र ती नव्हती, आणि हे विकणाऱ्याला माहीत होतं.

फंगस, म्हणजे काचेवरची बुरशी, कळला हर्णै बंदरावर. सूर्य समोर घेऊन होड्यांचे फोटो काढले तर सगळ्यावर दुधाळ पडदा. अंधाऱ्या खोलीत मागून तिरका टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेच्या कडेला फांद्या फुटलेले बारीक पांढरे तंतू दिसले. स्टेशनवर टॉर्च त्यानेच धरला होता, समोरून अगदी सरळ, आणि दोन ठिपके दिसले तर म्हणाला, "धूळ आहे, ब्लोअरने जाईल." सरळ प्रकाशात हे तंतू दिसत नाहीत. धूळ सुटी सुटी असते, फंगसला फांद्या असतात. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं गेलं असेल तर काच पुसूनही डाग राहतो, आणि लेन्स उघडल्यावर काचा पुन्हा नेमक्या जागी बसतीलच असं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो. एक पावसाळा बॅगेत पडून राहिलेली कोकणातली लेन्स टॉर्चशिवाय घेऊच नका. ड्राय कॅबिनेट चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवणाऱ्याचीही तपासा.

लेन्सवरची अक्षरं स्वतः वाचा, रबर किंवा स्टिकर असेल तर काढायला लावा. सोनीच्या स्वतःच्या लेन्सवर एफई म्हणजे फुल फ्रेम, नुसता ई म्हणजे लहान सेन्सर. सिग्मात त्याच क्रमाने डीजी आणि डीसी. निकॉन झेडमध्ये डीएक्स आणि कॅननमध्ये आरएफ-एस लिहिलेलं असेल तर ती लहान सेन्सरची. भेटीला जाण्याआधी मेनूत क्रॉप बंद करून जा, एका सपाट भिंतीचा फोटो अॅपर्चर पूर्ण उघडून काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ आला तर लेन्स पडलेली किंवा उघडलेली असण्याची शक्यता धरा.

बिलाचं विकणारा "घरी राहिलं, कुरिअर करतो" म्हणाला. नंतर व्हॉट्सअॅपवर फोटो आला, त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबरशी जुळत नाही. यूपीआयने पैसे गेले ते खातंही वेगळ्याच नावाचं निघालं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आहे, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे. चॅट, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, काहीही पुसलेलं नाही.

ही तक्रार केल्यानंतर तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा आली आहे, या वेळी रत्नागिरीचा पत्ता देऊन. फोटो तेच आहेत, हूडवरचा अर्धगोल ओरखडासुद्धा तोच. त्या फोटोंमधली लेन्स माझ्या घरी आहे, त्यामुळे तुम्हाला ती कुणी विकत असेल तर आगाऊ एक रुपयाही पाठवू नका.