स्टील व्हेन्जन्स: सांगाडा लाकडाचा, मस्ती पोलादाची

अमेरिकेतल्या ओहायोत, सॅन्डस्कीच्या सीडर पॉइंट या अम्युझमेंट पार्कला, स्टील व्हेन्जन्स या रोलर कोस्टरवर भाच्याने नेलं. मी भोसरीची फॅब्रिकेशनवाली. सगळे किंकाळ्या ऐकत होते, मी सांधे बघत होते.

इथे १९९१ साली ‘मीन स्ट्रीक’ हा अस्सल लाकडी कोस्टर सुरू झाला. त्याचा बराच सांगाडा तसाच ठेवून रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने वर पोलादी रूळ चढवले आणि २०१८ मध्ये स्टील व्हेन्जन्स सुरू झाला. रूळ पाइपचे नाहीत. प्लेटा वळणाच्या आकारात कापून वेल्ड केलेले, आय सेक्शनसारखे, म्हणजे छेद इंग्रजी I अक्षरासारखा. त्यामुळेच लाकडी रुळांना सहसा झेपत नाहीत असे, गाडीला पार उलटं करणारे पीळ इथे जमतात. असे चार आहेत.

उंची सुमारे ६२ मीटर, पहिली उडी थेट ९० अंशांची, वेग ताशी ११९ किलोमीटरच्या आसपास. पण खरी गंमत उत्तरार्धात! गाडी लाकडी खांबांच्या जंगलात घुसते, डोकं आपटणार असं वाटून मान आपोआप खाली जाते आणि बूड काही सीटवर टेकत नाही. खांद्यावर पट्टा नाही, मांडीवर दांडा.

‘हा लाकडीच’ म्हणून भाचा भांडला. माझ्या मते रूळ पोलादी, तर कोस्टर पोलादी. खांब कशाचे का असेनात. जुन्या लाकडी कोस्टरचा खडखडाट इथे नाही, आणि मला तो थोडा हवा होता. तरी पैसे वसूल.

जागा मिळाली तर शेवटच्या डब्यात बसा.