घाट उतरणाऱ्या गाडीला ब्रेक पॅड कुठले: साधे की सिंटर्ड?

फाल्गुन लागला की मी मोटरसायकलचा पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, उघडतो. चेन, ऑइल, एअर फिल्टर ही कामं सर्व्हिसिंगला होऊन जातात. ब्रेकचं काम मात्र मी घरीच करतो, कारण राहायला यवतेश्वर आणि नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत. सकाळी घरातून निघालो की लगेच घाट सुरू. इंजिन अजून नीट गरम झालेलं नसतं, तोवर ब्रेक तापायला लागलेले असतात. त्यात आठवड्यातले निम्मे दिवस बायको मागे असते, तिला राजवाड्यापाशी सोडून मी पुढे जातो.

या दिवसांत कोणी ना कोणी विचारतंच: पॅड संपलेत, साधे ऑरगॅनिक टाकू की जास्तीचे पैसे घालून धातूच्या भुकटीचे सिंटर्ड घेऊ? मी दोन्ही वापरलेत, एकाच गाडीवर आणि एकाच रस्त्यावर. गाडी १६० सीसीची, पुढे डिस्क, मागे ड्रम, पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तेव्हा जे लिहितोय ते अशाच गाडीबद्दल आहे. मोठ्या गाडीवाल्याचा किंवा सपाटीवर चालवणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

साध्या पॅडबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण त्यात चांगलं बरंच आहे. तंतू, रबर आणि रेझिन यांचं ते मिश्रण. लिव्हर दाबला की ब्रेक हळुवार लागतो, झटका बसत नाही. पोवई नाक्याच्या गर्दीत, पुढे रिक्षा, बाजूला एसटी, अशा ठिकाणी हा मऊपणा फार बरा वाटतो. आवाज जवळजवळ नाहीच. डिस्कवर ओरखडे पडत नाहीत. आणि स्वस्त: मला जोडी साडेचारशेला पडायची, कुठल्याही दुकानात मिळायची. मी तीन जोड्या वापरल्या, प्रत्येक साधारण सात-आठ हजार किलोमीटर चालली. गावात फिरणाऱ्या गाडीला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

माझी अडचण वेगळी होती, आणि ती पॅड संपण्याआधीच सुरू व्हायची. नवे पॅड महिनाभर छान चालायचे. मग हळूहळू ब्रेक लाकडासारखा लागायचा. लिव्हर तेवढाच दाबला जातोय, पण गाडी थांबायला दोन हात जास्त घेतेय. पॅड काढून उजेडात धरले की कारण दिसायचं: तोंडावर काच धरलेली. बोट फिरवलं तर गुळगुळीत, तिरकं धरलं तर चमकणारं. पॅडमधलं रेझिन फार तापलं की पृष्ठभाग असा कडक होतो, आणि मग पॅड डिस्कला पकडायच्या ऐवजी तिच्यावर घसरतो. रोज सकाळी थंड पॅड घेऊन उतार उतरायचा, तळाशी येईस्तोवर ते तापवायचे, दिवसभर गार करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उपाय सोपा आहे. कॅलिपर उतरवायचा, पॅड काढायचे, सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅडचं तोंड आठच्या आकड्यात फिरवायचं. पेपर कोरडा नको, थोडा ओला करून घ्यायचा. पॅडची भुकटी नाकात जाणं चांगलं नाही. चमक गेली, तोंड मॅट दिसायला लागलं की परत बसवायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण ते दर दुसऱ्या रविवारी करावं लागायचं. अंगणात गाडी डबल स्टँडवर, मी गुडघ्यावर, हात काळे, आणि आत चहा गार होतोय. एखादा रविवार चुकला तर पुढचे पंधरा दिवस घाटात मनात धाकधूक. मागे माणूस बसलेलं असताना ती धाकधूक मला नको होती. खरं सांगायचं तर पॅड बदलायचा निर्णय याच एका गोष्टीने झाला, बाकीचे हिशेब मी नंतर मांडले.

उतरताना गिअर वापरत असशीलच ना, असं काही जण विचारतात. वापरतोच. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे वडिलांनी शिकवलंय आणि ते मी मोडत नाही. पण १६० सीसीचं इंजिन दोन माणसांची गाडी किती धरणार? वळणाआधी ब्रेक लागतोच.

सिंटर्ड पॅड म्हणजे धातूची भुकटी, बहुतेक तांब्याच्या मिश्रणाची, दाबून आणि तापवून एकजीव केलेली. रेझिन नाही, त्यामुळे काच धरायचं कारणच फारसं उरत नाही. मला जोडी साडेचौदाशेला पडली, म्हणजे तिप्पट. दोन वर्षांत सतरा हजार किलोमीटर झाले आणि अजून पॅडवरची झीज दाखवणारी खाच दिसतेय. या काळात पॉलिश पेपर एकदाच हातात घेतला, तोही कडांना उतार द्यायला, कारण आवाज येत होता.

आवाजाचं लपवत नाही. हळू वेगात, गाडी थांबता थांबता सिंटर्ड पॅड कुईकुई करतात. पहाटे दव पडलेलं असेल तर पहिले दोन-तीन ब्रेक गल्लीला ऐकू जातात. कडा घासून आणि पॅडच्या पाठीला उष्णतेत टिकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात देऊन आवाज बराच कमी झाला, पण गेला नाही. ज्याला तो सहन होणार नाही त्याने या वाटेला न गेलेलं बरं. दुसरी गोष्ट डिस्कची. माझ्या डिस्कवर आता बारीक रेघा आहेत, नख आडवं फिरवलं तर जाणवतात. नख अडकत नाही तोवर मी काळजी करत नाही, पण साध्या पॅडच्या काळात एवढंही नव्हतं. डिस्क किती जाडीपर्यंत चालेल ते तिच्यावरच कोरलेलं असतं, पॅड बदलताना ते एकदा बघावं. आणि एखाद्याकडे जुनी, बिडाची डिस्क असलेली गाडी असेल तर तिला सिंटर्ड लावूच नयेत. हल्लीच्या स्टीलच्या डिस्कला चालतात.

तिसरी गोष्ट कमी लोक बोलतात. धातूचा पॅड उष्णता अडवत नाही, ती मागे पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. त्यामुळे सिंटर्ड टाकायचे तर ऑइल जुनं चालणार नाही. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषून ते मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, रंग कसाही दिसो. छोटी सीलबंद बाटली घ्यावी, दुकानातली उघडी नको. आणि डॉट ५ नाव सारखं वाटलं तरी सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नये. गाडीला एबीएस असेल आणि नळीत हवा गेली असेल तर ब्लीडिंग, म्हणजे ती हवा काढायचं काम, सर्व्हिस सेंटरवरच करून घ्यावं, मी तेवढं एक काम बाहेर देतो.

ब्रेक ऑइलची स्टीलच्या जाळीची नळी, म्हणजे होजही मी टाकून पाहिली. लिव्हर थोडा घट्ट झाला, बरं वाटलं. पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी पॅड आणि ऑइलवर घालावेत असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीमुळे दोन्ही पॅड उगाच बदनाम होतात ती. गेल्या वर्षी परळीचा एक मित्र आला, म्हणाला साधे पॅड चार महिन्यांत संपले, सिंटर्डच टाक. कॅलिपर उतरवला तर एका बाजूचा पॅड पार पत्र्याला टेकलेला आणि दुसरा निम्मा शिल्लक. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक कोरडी पडून जाम झाली होती. पिस्टनभोवती काळपट लगदा बसलेला, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागून थंडीभर गाडी चालवली की उडालेली धूळ, ग्रीस आणि दव यांचा बनतो तसा. असा पिस्टन तसाच आत ढकलला तर ती घाण सीलवर जाते. म्हणून आधी दोन थेंब शाम्पू घातलेल्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने पिस्टनची सगळी बाजू धुतली. पेट्रोल किंवा डिझेल इथे वापरायचं नाही, सील फुगतं. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं, कॅलिपर बोटाने सरकायला लागला. पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीतलं ऑइल चढतं, तिथे फडकं गुंडाळलं, कारण ते सांडलं तर रंग उडतो. मग त्याला साधेच पॅड बसवून दिले. तो रोज परळी ते सातारा येतो, रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, आणि त्याची त्याबद्दल अजून तक्रार नाही.

थोडक्यात, गाडी शहरातच फिरत असेल, कोरेगाव किंवा रहिमतपूरकडे जात असेल, तर साध्या पॅडमध्ये मला काही खोट दिसत नाही. पण रोज यवतेश्वर, पसरणी किंवा केळघर घाट उतरत असाल, मागे कोणी बसत असेल, तर माझं मत सिंटर्डकडे झुकतं. आत्ता बसवलेले पॅड जूनमध्ये पावसात भिजणार आहेत, हेही लक्षात घ्या. कासकडच्या पावसात आणि धुक्यात ओल्या डिस्कवर सिंटर्ड जसे पहिल्याच दाबाला धरतात, तसे साधे पॅड माझ्या गाडीवर कधी धरत नव्हते.

कुठलेही घ्या, बसवल्या बसवल्या घाटात नेऊ नका, आधी नवे पॅड डिस्कवर नीट रुळू द्या. मी रविवारी सकाळी लवकर उतरतो, तेही पहिल्या गिअरमध्ये, आणि माहुलीच्या पुढे कोरेगाव रस्त्याला लागतो. मोकळा पट्टा बघून पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं अंतर गाडी नुसती पळवून डिस्क गार होऊ द्यायची. असं वीसेक वेळा. पहिल्या काही वेळा ब्रेक कमी लागल्यासारखा वाटतो, घाबरायचं नाही. परत फिरायच्या आधी गाडी बाजूला लावून डिस्क बघावी. पॅडचा करडा पट्टा दोन्ही बाजूंना एकसारखा उमटला असेल तर मी घरी परतायला घाट चढतो आणि सोमवारी सकाळी बायकोला मागे बसवून उतरतो.