चेहरा सांभाळायचा की मन? गॉफमन आणि हॉक्शिल्ड

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्या लेखी ‘स्व’ म्हणजे चारचौघांत वठवलेली भूमिका. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात त्यांनी पाहिलं की, स्वयंपाकघरात ऐसपैस वागणारे कर्मचारी पाहुण्यांसमोर येताच अदबशीर होतात. यातलं खरं रूप कोणतं, या प्रश्नात त्यांना फारसा रस नाही. आपण ओशाळतो का, सावरून घेतो कसे, हे समजायला आजही त्यांच्याइतका नेमका माणूस नाही.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांना मात्र हसऱ्या चेहऱ्यामागचं मन हवं आहे. १९८३च्या पुस्तकात त्या हवाई सुंदरींचं प्रशिक्षण दाखवतात: विमान म्हणजे आपलं घर समजा, चिडलेला प्रवासी म्हणजे लहान मूल. म्हणजे नुसतं हसून भागत नाही, तसं वाटूनही घ्यायचं. आणि ते वाटणं कंपनी विकणार! नोकरीतला थकवा समजून घ्यायचा तर मी हॉक्शिल्ड यांच्या बाजूने. अर्थात, मुळात एक ‘अस्सल’ भावना असते हे त्या जरा सहज गृहीत धरतात, आणि तिथे गॉफमन यांचा संशय उपयोगी पडतो. त्याच पुस्तकातल्या थकबाकी वसूल करणाऱ्यांकडे मात्र वाचकांचं लक्ष कमी जातं. त्यांना पगार मिळतो तो सहानुभूती दाबून ठेवण्याचा.