माजी सैनिक संघटनेचा मदत कक्ष: काम चोख कुठे होतं, अडतं कुठे, आणि टेबलामागे कोणी बसावं

तालुक्याच्या गावी माजी सैनिक संघटनेच्या कार्यालयात, कार्यालय नसेल तर समाजमंदिरात, आठवड्यातून एक-दोन दिवस एक टेबल लागतं. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना, यातलं काहीही अडलं की सभासद तिथे येतो. पैसे लागत नाहीत आणि टेबलामागे बसणाराही बहुधा पेन्शनरच असतो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालणाऱ्या अशा मदत कक्षांचं हे परीक्षण आहे. थोडक्यात मत द्यायचं तर हयातीच्या दाखल्यासाठी याच्याइतकी भरवशाची जागा नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामात मात्र बरेच कक्ष अर्ध्यावर थांबतात, कारण पाठपुरावा करायला माणसं पुरत नाहीत.

आधी जे उत्तम आहे ते. संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ प्रणालीतून थेट बँक खात्यात जमा होते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. वर्षातून एकदा हयातीची ओळख पटवावी लागते, नाहीतर पेन्शन थांबते. त्यासाठीच्या दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. आयुष्यभर शेतात किंवा वर्कशॉपमध्ये राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय झाली.

कक्षात हे काम असं चालतं. स्वयंसेवकाच्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप हवीत. स्वयंसेवक आधी स्वतःचा आधार क्रमांक, मोबाईल व ई-मेल देऊन आणि चेहरा दाखवून ऑपरेटर म्हणून नोंद करतो. त्यानंतर त्याच फोनवरून कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात. पेन्शनरचा आधार क्रमांक, ओटीपी, नाव, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि शेवटी चेहरा, असा क्रम. उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा येतो आणि ॲप नकार देतं. चष्मा काढायचा, कॅमेऱ्याची काच पुसायची, सांगितल्यावर पापणी मिटून उघडायची. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर वारंवार प्रयत्न करत बसू नये. सरळ आधार केंद्रात फोटो बदलून घ्यायला सांगावं आणि तोवर कागदी दाखल्याची सोय बघावी.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र चेहऱ्याची नसते, ती रकाना भरताना होते. पेन्शन वाटप करणारं कार्यालय कोणतं, या रकान्यात ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ हा पर्याय निवडावा लागतो. शहराचं नाव बदललं तरी यादीत जुनं नाव दिसतं आणि लोक गोंधळतात. बाहेरच्या नेट कॅफेत हमखास तिथे बँकेचं नाव टाकलं जातं, कारण पेन्शन बँकेत दिसते. दाखला तयार होतो, प्रमाण आयडीचा (दाखल्याच्या क्रमांकाचा) मेसेजही येतो, सगळे निश्चिंत होतात आणि तो स्पर्शपर्यंत पोचतच नाही. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा रकानाही सेनेनुसार वेगळा असतो: थलसेनेला पीसीडीए (पी) अलाहाबाद, नौदलाला पीसीडीए (नेव्ही) मुंबई, वायुसेनेला दिल्लीतलं सुब्रतो पार्कचं कार्यालय. जवानामागे पेन्शन घेणाऱ्या वहिनींच्या दाखल्यात पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’ हवा. घाईत ‘सर्व्हिस’ राहून जातो. एकाच व्यक्तीच्या नावे दोन पीपीओ असतील तर दोन दाखले.

चांगला कक्ष आणि साधा कक्ष यांतला फरक इथेच कळतो. साधा कक्ष प्रमाण आयडीचा मेसेज आला की माणसाला घरी पाठवतो. चांगला कक्ष वहीत नोंद करतो आणि काही दिवसांनी पेन्शनरलाच त्याचं स्पर्श खातं उघडायला लावून पुढच्या पडताळणीची तारीख सरकली आहे का ते बघतो. हे दुसरं पाऊल नसेल तर सेवा अर्धीच झाली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता जिथे अडतं ते. जवान गेल्यावर त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून देणं हे कक्षाचं सर्वात महत्त्वाचं काम. मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँक पासबुक एवढी कागदपत्रं घरात बहुतेक सापडतात. अडतं ते नावावर. डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकात माहेरचं. त्याहून वाईट म्हणजे लग्नाचा भाग दोन आदेश (युनिटने काढायची अधिकृत नोंद) कधी निघालाच नसेल आणि पीपीओत पत्नीचं नावच नसेल, तर प्रकरण जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. प्रत्येक फेरीत एखादा कागद कमी निघतो, पत्र जातं, उत्तर येतं, पुन्हा पत्र जातं. हे काम एका बैठकीत होत नाही, महिनोन्‌महिने चालतं. मधल्या काळात टेबलावरचा स्वयंसेवक बदलतो, नव्याला आधीचं काही ठाऊक नसतं, आणि त्या बाईला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. या एका कारणाने कित्येक जणी कक्षात येणं सोडून देतात.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक प्रकरणाला एक पातळ फाइल, वरच्या पानावर तारीखवार नोंदी, आत प्रत्येक पत्राची झेरॉक्स आणि स्पीड पोस्टची पावती. फाइलवर दोन स्वयंसेवकांची नावं, एकाचं कधीही नको. आणि दुरुस्तीचं काम जवान हयात असतानाच उरकायचं. पत्नीचं नाव, तिची जन्मतारीख, संयुक्त खातं, हे तो स्वतः सही करू शकतो तोवर तुलनेने सहज बदलून मिळतं. जे कक्ष दाखल्याला आलेल्या प्रत्येकाचा पीपीओ त्याच बैठकीत आधारशी ताडून बघतात, ते पुढची कितीतरी दुःखं टाळतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याला वेगळा माणूस लागतो. दाखला काढणाऱ्यालाच ते सांगितलं तर रांग खोळंबते आणि दोन्ही कामं बिघडतात.

ईसीएचएसबाबत सेवा ठीक आहे. योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, तरी एक नियम लोक आजही विसरतात. तातडीच्या प्रसंगी पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला (ईसीएचएसच्या दवाखान्याला) कळवावं लागतं. न कळवल्यास बिलाच्या परताव्यात अडचण येते. त्या वेळी घरचे गडबडलेले असतात, म्हणून कक्षाने दोन फोन क्रमांक छापून प्रत्येक कार्डधारकाच्या घरी लावावेत आणि त्या क्रमांकांवर रात्रीही उत्तर मिळावं. अनेक ठिकाणी क्रमांक अध्यक्षांचा असतो आणि ते नेमके बैठकीत असतात.

योजनांच्या माहितीत कक्ष सर्वात ढिले. माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलाला महिन्याला २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. बारावीला किंवा प्रवेशाच्या पात्रता परीक्षेत ६० टक्के हवेत, आणि अर्ज व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षालाच करायचा असतो. दुसऱ्या वर्षी कळलं तर उपयोग नाही. म्हणजे ही माहिती बारावीचा निकाल लागताच घराघरांत पोचायला हवी. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या हलाखीतल्या माजी सैनिकांसाठी पेन्युरी ग्रँट आहे. ही माणसं संघटनेच्या मेळाव्याला येत नाहीत. त्यांना शोधूनच काढावं लागतं.

मग प्रश्न उरतो तो सभासदांना टेबलामागे आणायचा. संघटनेत नावं शेकड्याने असतात आणि कक्षात तीच चार माणसं दिसतात. आमसभेत ‘सर्वांनी पुढे यावे’ असं आवाहन होतं, टाळ्या पडतात आणि कोणी येत नाही. सभासद उदासीन आहेत असं म्हणणं अन्यायाचं आहे. एकदा हो म्हटलं की सगळं गळ्यात पडेल आणि चूक झाली तर गावात बोल लागेल, ही त्यांची भीती आहे आणि ती खरी आहे. फौजेत ड्युटी लिस्टवर नाव, वेळ आणि जागा लिहिलेली असे आणि बदली केव्हा येणार हेही ठाऊक असे. कक्षाचं बोलावणं तसंच नेमकं हवं: ‘नोव्हेंबरचे चार रविवार, सकाळी १० ते १२, तुम्ही फक्त पीपीओ आणि आधार ताडून बघायचं, शेजारी दाखला काढायला दुसरा माणूस असेल.’ एवढं स्पष्ट सांगितलं की नकार क्वचित येतो. ते सांगावंही एकेकाला, घरी जाऊन, आणि शक्यतो ज्याने त्याच्याबरोबर नोकरी केली आहे त्याने.

ट्रेड (फौजेत केलेलं काम) बघून काम द्यावं, हे आमचं आग्रहाचं म्हणणं. ज्याने युनिटमध्ये क्लार्क म्हणून काम केलं त्याला भाग दोन आदेश काय असतो हे समजावावं लागत नाही, रेकॉर्ड ऑफिसची पत्रं त्याच्याकडेच असावीत. नर्सिंग असिस्टंट ईसीएचएसला. सिग्नलमधला माणूस ॲप आणि पोर्टल लवकर पकडतो. एमटीचा (मोटार वाहतुकीचा) ड्रायव्हर म्हाताऱ्या सभासदाला पॉलिक्लिनिकपर्यंत नेऊन आणू शकतो. सुभेदार साहेबांकडे रोस्टर द्यावं, ते पाळलं जातं. आणि एक खुर्ची वीरनारीसाठी (शहीद जवानाच्या पत्नीसाठी) किंवा एखाद्या माजी सैनिकाच्या पत्नीसाठी राखून ठेवावी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या पैशांबद्दल बोलणं अनेक जणींना जमत नाही. समोर ताई बसली असेल तर त्या कागदांची पिशवी उघडतात.

वयाचाही विचार हवा. बरेच जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात आणि लगेच बँकेत, कारखान्यात किंवा सुरक्षेच्या नोकरीत लागतात. मंगळवारी सकाळी उघडणाऱ्या कक्षाला ते कधीच मिळणार नाहीत. त्यांना रविवार द्या, नाहीतर संध्याकाळचं फोनवरचं काम द्या. साठी ओलांडलेल्यांकडे सकाळ मोकळी असते.

स्वयंसेवक भरतीचा महिना बहुतेक संघटना चुकवतात. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले. सभागृह भरलेलं असतं, म्हणून नावं तेव्हा लिहून घेतली जातात. पण त्या दिवसांत कक्षात काम कमी असतं आणि ऑक्टोबर येईतो ती नावं थंड झालेली असतात. बोलावणं ऑगस्टच्या शेवटी करावं, सप्टेंबरात शिकवावं. पहिल्या दोन बैठका शेजारी बसून बघायचं, पुढच्या दोन जुन्याच्या नजरेखाली स्वतः करायचं, मग एकट्याने. चार आठवडे पुरतात. ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, त्यामुळे नव्या स्वयंसेवकाला नोव्हेंबरच्या गर्दीआधी हात बसवायलाही महिना मिळतो.

काही नियम भिंतीवर लावलेले हवेत. स्पर्शचा पासवर्ड कक्षाच्या वहीत लिहायचा नाही. ओटीपी पेन्शनरने स्वतः वाचायचा, स्वतः टाकायचा. आधारची झेरॉक्स काम झालं की परत. कोणाकडून चहाचेही पैसे घ्यायचे नाहीत. स्वयंसेवकाचं पेट्रोल, झेरॉक्स, स्पीड पोस्ट हा खर्च संघटनेने व्हाउचरवर त्याच महिन्यात द्यावा. इथे एक अनपेक्षित अडचण येते. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असेल तर नवी कार्यकारिणी निवडल्यावर बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करायचा असतो. तो राहिला की बँकेत सह्या बदलण्याचं काम लटकू शकतं. पैसे खात्यात असूनही निघत नाहीत, आणि खिशातून खर्च करून थकलेला स्वयंसेवक काही न बोलता यायचा थांबतो. सचिवांनी निवडणुकीच्या दुसऱ्याच आठवड्यात हे काम हाती घ्यावं.

ज्यांना यायचं आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी पहिलं काम ठरलेलं आहे. सभासद यादीतून ८० वर्षांवरची नावं वेगळी काढा आणि प्रत्येकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: आधारला जोडलेला मोबाईल सध्या कोणाकडे आहे, पीपीओची प्रत घरात सापडते का, आणि कक्षापर्यंत चालत येता येतं का. ज्यांना येता येत नाही त्यांची नावं गावांप्रमाणे लावून रोस्टर करणाऱ्याकडे द्या. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दोघांना फोन घेऊन त्यांच्या घरी पाठवता येईल.